सुईने मांडलेली साक्ष : एस्थर निसेन्थाल क्रिनित्झ यांच्या छत्तीस कापडचित्रांचा प्रकरण अभ्यास

एस्थर निसेन्थाल क्रिनित्झ यांनी १९७७ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, अमेरिकेत आपले पहिले चित्र करायला घेतले. चित्रकलेचे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. हातात होते ते लहानपणी शिकलेले शिवणकाम. त्यामुळे चित्रही कागदावर न उतरता कापडावर सुई-दोऱ्याने उतरले. पोलंडमधील म्निशेक या खेड्यातले आपले घर आणि त्या घरातली माणसे आपल्या दोन मुलींना दिसावीत, एवढीच त्यामागची इच्छा होती. २००१ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोवर अशी छत्तीस चित्रे तयार झाली होती आणि त्यांतून ज्यू वंशसंहारातून वाचलेल्या एका मुलीची जवळजवळ सलग हकिकत उभी राहिली होती.

युद्धकाळातील छळातून वाचलेली माणसे हस्तकलेच्या आधाराने सावरतात, असे आज सहज म्हटले जाते आणि ते बरेचसे खरेही आहे. मात्र सावरणे म्हणजे काय, ते कशामुळे घडते आणि त्याला किती काळ लागतो, हे प्रश्न अशा विधानात झाकले जातात. एस्थर यांच्या बाबतीत त्यांची उत्तरे शोधता येतात, कारण चित्रे जपलेली आहेत, त्यांतील अनेक चित्रांवर स्थळ-काळ टाक्यांनी लिहिलेला आहे आणि ती कोणत्या क्रमाने झाली हेही माहीत आहे. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म त्या क्रमातच आहे.

म्निशेक ते क्राश्निकचा रस्ता

एस्थरचा जन्म १९२७ चा. म्निशेक हे लुब्लिन प्रांतात, विस्तुला नदीच्या पूर्वेस, आनोपोल या छोट्या गावाजवळचे खेडे. वडील हर्श, आई राखेल, भाऊ रुवेन आणि मान्या, खाना व लिया या तीन बहिणी असे कुटुंब होते. शेजारी कॅथलिक शेतकरी होते आणि त्यांच्याशी रोजची देवघेव होती. एस्थर लहान वयातच कपडे शिवायला शिकली. त्या भागात हे हुन्नर मुलीच्या उपजीविकेची तजवीज म्हणून शिकवले जाई.

पोलंडच्या युद्धकाळाशी मराठी वाचकाची ओळख बहुधा कोल्हापूरजवळच्या वळिवड्यामुळे झालेली असते. १९४३ ते १९४८ या काळात तेथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. मात्र ते सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि मध्य आशियाकडे हद्दपार केलेले आणि बहुतांशी कॅथलिक लोक होते. म्निशेक पडते जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडमध्ये, आणि तेथल्या ज्यूंच्या वाट्याला आले ते हद्दपारीच्या पलीकडचे होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन सैनिक गावात आले. त्या दिवसाचे एस्थर यांनी पुढे चित्र केले आहे : आजी-आजोबांच्या घरासमोर एक सैनिक आजोबांना खाली पाडून त्यांची दाढी कापतो आहे आणि आजी ओरडते आहे. धार्मिक ज्यू पुरुषाच्या दाढीला हात घालणे ही ठरवून केलेली विटंबना होती आणि व्याप्त पोलंडमध्ये ती गावोगाव झाली. पुढे जवळच यानिशूफ येथे श्रमछावणी उभी राहिली. रात्री-अपरात्री सैनिक घरात घुसत. अशी तीन वर्षे गेली.

१५ ऑक्टोबर १९४२ रोजी सकाळी दहा वाजेपर्यंत घरे सोडावीत आणि इतर ज्यूंबरोबर क्राश्निकच्या रेल्वे स्थानकाकडे निघावे, असा गेस्टापोचा, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांचा, हुकूम आला. पंधरा वर्षांच्या एस्थरने जाण्यास नकार दिला. आपल्याला कोणाकडे तरी कामाला ठेवून घेईल असा ओळखीचा शेतकरी आठवा, अशी तिने वडिलांकडे विनवणी केली, तेरा वर्षांच्या मान्याला बरोबर घेतले, आणि बाकीचे कुटुंब क्राश्निकच्या रस्त्याला लागले तेव्हा या दोघी वेगळ्या वाटेने निघाल्या. आई-वडील आणि इतर तीन भावंडे त्यांना पुन्हा कधीच दिसली नाहीत. त्या शरद ऋतूत क्राश्निकहून ज्यूंना बेउझेत्सच्या मृत्युछावणीत नेले जात होते. जर्मन अधिकाऱ्यांनीच पाठवलेल्या आणि ब्रिटिशांनी टिपलेल्या एका तारेत १९४२ अखेरपर्यंत बेउझेत्सला पोहोचवलेल्या ज्यूंचा आकडा ४,३४,५०८ असा दिला आहे. तेथून वाचून साक्ष देऊ शकलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

खोट्या नावाने जगणे

वडिलांच्या ओळखीच्या ज्या माणसाकडे मुली प्रथम गेल्या, त्याने त्यांना फार दिवस ठेवून घेतले नाही. त्याला दोष देण्याआधी हे ध्यानात घ्यावे लागते की, ज्यूंना आसरा देणाऱ्यास देहदंड, असे फर्मान जर्मन प्रशासनाने ऑक्टोबर १९४१ मध्येच काढले होते. पावसात, जंगलातून भटकत त्या अखेर ग्राबुफ्का या गावी पोहोचल्या. तेथे त्यांना कोणी ओळखत नव्हते. आपण दूरच्या कॅथलिक शेतकऱ्याच्या मुली असून आपली शेती जर्मनांनी घेतली, असे त्यांनी सांगितले. एस्थर ‘योझेफिना’ झाली आणि मान्या ‘मारिया’. एका वृद्ध शेतकऱ्याने एस्थरला घरकामासाठी ठेवून घेतले. मान्याला गावातच दुसऱ्या घरी काम मिळाले.

या काळातला एक प्रसंग त्यांच्या चित्रांपैकी सर्वांत जास्त ओळखला जातो. जून १९४३ मध्ये एस्थर स्वतः लावलेल्या बागेत काम करत असताना दोन जर्मन सैनिक आले आणि तिच्याशी बोलू लागले. तिच्या घरची भाषा यिडिश. ती जर्मनला इतकी जवळची आहे की सैनिकांचे बोलणे तिला समजत होते, आणि नेमके हेच लपवणे भाग होते, कारण पोलिश शेतकऱ्याच्या पोरीला जर्मन कळण्याचे कारणच नव्हते. ती नुसती मान हलवत राहिली. म्हातारा शेतकरी लक्ष ठेवायला जवळ येऊन उभा राहिला. तेवढ्यात मधमाश्यांचा थवा सैनिकांभोवती घोंघावू लागला आणि ते बागेतून पळाले. पळता पळता ‘तुला कशा चावत नाहीत’ असेही तिला विचारून गेले.

येथे एक गोष्ट स्पष्ट नोंदवायला हवी. एस्थर यांचा जीव हस्तकलेने वाचवला नाही. तो वाचला तो पंधराव्या वर्षी घेतलेल्या निर्णयामुळे, पोलिश भाषा आणि शेतीची कामे अंगवळणी असल्यामुळे, धाकट्या बहिणीच्या सोबतीमुळे, काही गावकऱ्यांच्या मायेमुळे आणि पुष्कळशा योगायोगामुळे. जुलै १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य येईपर्यंत असेच चालले. हस्तकलेचे काम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू होते, आणि तेही वेगळ्या स्वरूपाचे.

मुक्तीनंतर एस्थर घरच्यांचा शोध घेत गावी परतली. कोणी उरले नव्हते. ती पोलिश सैन्यात दाखल झाली आणि लुब्लिनला लागूनच असलेली मायदानेक ही जर्मनांची मृत्युछावणी तिने पाहिली. त्या भेटीच्या चित्रात बराकींबरोबरच माणसांच्या राखेवर वाढलेले कोबीचे मोठमोठे गड्डेही आहेत. सैन्याबरोबर ती जर्मनीत पोहोचली. युद्ध संपल्यावर जर्मनीतील त्सीगेनहाइनच्या निर्वासित छावणीत माक्स क्रिनित्झ यांच्याशी तिची भेट झाली, १९४६ मध्ये विवाह झाला आणि जून १९४९ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला उतरले. मान्याही वाचली.

कोणते चित्र आधी, कोणते नंतर

अमेरिकेत आल्यापासून पहिल्या चित्रापर्यंत अठ्ठावीस वर्षे गेली. या वर्षांत एस्थर गप्प होत्या असे नाही. मुली या हकिकती ऐकतच वाढल्या. वाचलेली माणसे आधी दीर्घकाळ मौनात असतात आणि मग एक दिवस बोलू लागतात, असा जो साचा आपल्या मनात असतो तो येथे लागू पडत नाही. बोलणे चालू होते. कमी पडत होते ते दाखवणे. घराचे छप्पर कसे होते, आई अंगणात कोठे उभी राहायची, नदीकडे जाणारी वाट कोणत्या बाजूने जायची, हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहत नव्हते, आणि दाखवायला एस्थर यांच्याकडे दुसरे काही नव्हते.

म्हणून १९७७ चे पहिले चित्र घराचे आणि कुटुंबाचे आहे. त्यात सैनिक नाही, आगगाडी नाही. ते इतके मनासारखे झाले की त्यांनी लगोलग दुसरे केले आणि त्यातही युद्धापूर्वीचेच जग आहे, नदीत पोहण्याचे. त्यानंतर काही वर्षे खंड पडला. पुन्हा सुई हाती घेतली तेव्हा आली ती लपून राहण्याच्या काळात पडलेली स्वप्ने. एकात आई येते, दुसऱ्यात आजोबा. प्रत्यक्ष अत्याचाराची चित्रे त्याच्याही नंतरची, मुख्यतः १९९० च्या दशकातली आहेत. आजोबांची दाढी, पंधरा ऑक्टोबरची सकाळ, क्राश्निकचा रस्ता, मायदानेक हे सारे तेव्हा आले, आणि चित्रांखाली दोऱ्याने लिहिलेली वाक्येही तेव्हाच आली.

घर, मग स्वप्न, मग घटना आणि घटनेबरोबर शब्द, हा क्रम कोणी उपचार म्हणून आखून दिलेला नव्हता. १९७७ मध्ये तर आघातोत्तर तणाव विकार हे निदानही अस्तित्वात नव्हते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत ते १९८० मध्ये आले. पुढे जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी युद्धग्रस्त निर्वासितांसाठी जी कथनाधारित उपचारपद्धती विकसित केली, तिच्या सुरुवातीला माणसाला आपले आयुष्य एका दोरीच्या रूपाने जमिनीवर अंथरायला सांगतात आणि तिच्यावर चांगल्या प्रसंगांसाठी फुले व वाईट प्रसंगांसाठी दगड ठेवायला लावतात. त्यानंतर ते आयुष्य जन्मापासून क्रमाने सांगितले जाते, म्हणजे भीषण प्रसंगाला आधी आणि नंतर अशा दोन बाजू मिळतात आणि तो सगळ्या आयुष्यावर पसरून राहत नाही. एस्थर यांनी हे स्वतःच्या हिशेबाने केले. दगडांना हात घालण्याआधी त्यांनी फुले ठेवली आणि त्यासाठी स्वतःला वर्षे दिली. घाई केली नाही, आणि घाई करायला लावणारे कोणी नव्हते, हे मला या प्रकरणात फार मोलाचे वाटते.

टाक्याने काय साधले

भरतकाम संथ असते. आपल्याकडे गोधडी घालणाऱ्या बाईला जशी एकेक ओळ पुरी करूनच पुढे सरकावे लागते, तसेच कापडावर शेत उभे करताना एकेक रोप टाक्याटाक्याने भरावे लागते. या संथपणाचा आठवणीवर परिणाम होतो. बोलताना एखादा प्रसंग एकदम अंगावर येतो आणि मग थांबवता येत नाही. शिवताना तो तुकड्यातुकड्याने समोर येतो, काम बाजूला ठेवता येते, दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलता येते. आपल्या आजोबांना पाडणाऱ्या सैनिकाच्या गणवेशासाठी कापड निवडावे लागते, ते कापावे लागते, कडा दुमडून शिवावी लागते. ज्याच्यापुढे बारा वर्षांची मुलगी असहाय होती, त्याच्यावर आता तिच्या हातांचे नियंत्रण असते. हा माझा तर्क आहे, पण चित्रांतील कामाची निगुती पाहता तो दुबळा वाटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हे हुन्नर आपत्तीच्या आधीचे होते. घर गेले, माणसे गेली, दोन वर्षे स्वतःचे नावसुद्धा गेले; हातांना येत होते ते मात्र राहिले. पन्नासाव्या वर्षी एस्थर यांनी कुंचला धरला असता तर त्या नवशिक्या ठरल्या असत्या. सुई धरल्यावर त्या कसबी होत्या आणि ते कसब म्निशेकच्याच परिसरातले होते. गावाचे चित्र गावात शिकलेल्या कामातूनच उभे राहिले.

या चित्रांत शेते हिरवी आहेत, फुले विपुल आहेत, घरे नीटस आहेत. प्रथम पाहणाऱ्याला हा सुंदरपणा खटकतो. अशा विषयाला तो शोभत नाही असे वाटते. पण चित्रे सलगपणे पाहिली की लक्षात येते की एस्थर यांना ऋतू गाळायचा नव्हता. छळ जूनमध्येही झाला आणि जूनमध्ये बागा फुललेल्याच होत्या. शिवाय मारल्या गेलेल्या माणसांच्या आठवणीवर मारणाऱ्यांचाच रंग का चढू द्यावा? आई, वडील, रुवेन, खाना, लिया ही मंडळी या चित्रांत घरासमोर, स्वतःच्या कपड्यांत, दिवसाच्या उजेडात उभी आहेत.

याच्याशी जोडलेला एक मुद्दा आहे, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. ज्यू परंपरेत मृत्यूच्या तिथीला दरवर्षी दिवा लावतात आणि काद्दिश ही प्रार्थना म्हणतात. तिथी आणि कबर यांचे महत्त्व आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. बेउझेत्सला नेलेल्यांना कबर नव्हती आणि त्यांची तिथी कोणालाच ठाऊक नव्हती. एस्थर यांना नक्की माहीत असलेला शेवटचा दिवस होता पंधरा ऑक्टोबर १९४२, आणि तो त्यांनी दोऱ्याने लिहून ठेवला, सकाळच्या दहाच्या वेळेसकट. ज्या दुःखाला ठिकाण नव्हते त्याला त्यांनी कापडाचे ठिकाण दिले. सावरणे हा शब्द वापरायचाच असेल तर मी तो या कृतीसाठी वापरेन.

तुलना आणि सावधगिरी

छळाची हकिकत कापडावर मांडणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांचे नातलग बेपत्ता झाले होते अशा स्त्रियांनी चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून चिंध्यांची चित्रे शिवली. ती गुपचूप देशाबाहेर गेली आणि विकली जाऊन घरखर्चाला हातभार लागला. लाओसमधून १९७५ नंतर पळून थायलंडच्या छावण्यांत आलेल्या ह्मोंग जमातीच्या स्त्रियांनी पळापळीच्या, नदी ओलांडण्याच्या कथा कापडावर भरल्या. तेथे हे काम पोट भरण्याचेही होते, आणि अमेरिकी गिऱ्हाइकांच्या आवडीनुसार कापडांचे रंग सौम्य होत गेले. विक्रीत गैर काही नाही. भुकेल्या कुटुंबाला आधी धान्य लागते. परंतु आठवण गिऱ्हाइकाच्या पसंतीने बदलू लागते तेव्हा ती करणाऱ्या स्त्रीसाठी तिचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न अशा प्रकल्पांनी स्वतःला विचारायला हवा. एस्थर यांचे काम बाजारासाठी नव्हते, म्हणून ते स्वतःच्या क्रमाने आणि स्वतःच्या रंगांत होऊ शकले. उलट चिलीच्या स्त्रियांना शेजारी बसलेल्या समदुःखी बायकांचा जो आधार होता, तो एस्थर यांना शिवताना नव्हता.

या एका उदाहरणावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. एस्थर यांच्याकडे स्थिर घर होते, संसार होता, ऐकून घेणाऱ्या मुली होत्या, सुरक्षित देश होता, आणि या सर्वांनंतर सुई आली. ज्यांना उद्याच्या निवाऱ्याची खात्री नाही अशा निर्वासितांच्या हाती भरतकामाचे साहित्य देऊन त्यांनी आपला भूतकाळ आता शिवावा अशी अपेक्षा धरणे क्रूर ठरू शकते. तसेच चित्रांवरून मनाच्या प्रकृतीचे निदान करता येत नाही. छत्तीस चित्रे केल्यावर त्यांची झोप सुधारली का, भीती ओसरली का, हे कापड सांगत नाही. ते त्यासाठी केलेलेही नव्हते.

एस्थर यांच्या निधनानंतर त्यांच्या मुलींनी २००३ मध्ये ‘आर्ट अँड रिमेम्ब्रन्स’ ही संस्था स्थापन केली. तिच्यामार्फत ही चित्रे अमेरिकेतील संग्रहालयांत फिरली, त्यांवर माहितीपट झाला, आणि युद्ध वा छळामुळे देश सोडावा लागलेल्या स्त्रियांसाठी कापडावर कथा मांडण्याच्या कार्यशाळाही झाल्या. अशी कार्यशाळा आपल्याकडे कोणी घेणार असेल तर दोन गोष्टी या प्रकरणातून घेण्यासारख्या आहेत. पहिली, त्या स्त्रीला आधीपासून जे काम येते त्यातच करू द्यावे. विणकाम येत असेल तर विणकाम, गोधडी येत असेल तर गोधडी. दुसरी, पहिला विषय तिने निवडावा, आणि तिने घर, बैल किंवा अंगणातले झाड काढले तर त्यातून अत्याचाराची कथा केव्हा येईल याची वाट पाहत तिच्या भोवती बसू नये. एस्थर यांना तेथवर पोहोचायला दशकाहून अधिक काळ लागला होता.